मिटन खेकडा: निवडायचा कसा, वाफवायचा कसा, खायचा कसा

चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाकडच्या भागात शरद ऋतू लागला की घराघरांत एकाच खेकड्याची वाट पाहिली जाते. आकाराने तळहातात मावेल एवढा, पाठ हिरवट-काळी, आणि दोन्ही नांग्यांवर लोकरीचे हातमोजे चढवल्यासारखे दाट तपकिरी केस. इंग्रजीतून आपल्याकडे आलेलं त्याचं नाव मिटन खेकडा, शास्त्रीय नाव एरिओचेअर सायनेन्सिस. शांघाय आणि सुझोऊकडची माणसं त्याला दाझाश्ये म्हणतात आणि त्याच्यासाठी वर्षभर थांबायची त्यांची तयारी असते.

हा खेकडा रांधायला अगदी सोपा आहे. पाणी उकळायचं, वाफ द्यायची, संपलं. फोडणी नाही, वाटण नाही, रस्सा तर नाहीच. खरी कसोटी त्याच्या आधी आणि नंतर लागते: खेकडा निवडताना, आणि ताटात आल्यावर तो सोडवून खाताना. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी हंगाम बघा

हा खेकडा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची वीण होते नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं तिथे जन्मतात, मग नदीतून वर चढत तळ्यांत, ओढ्यांत येतात. वयात आलेला खेकडा शरद ऋतूत पुन्हा समुद्राच्या दिशेने निघतो, एकदाच वीण करतो आणि मरतो. त्या प्रवासाच्या आधी तो अंगात सगळी शिदोरी भरून घेतो. मादीच्या पोटात केशरी लाख (अंड्यांचा गर) साठते, नराच्या पोटात पांढरट, चिकट गर. चव आहे ती या शिदोरीची. हल्ली बाजारात येणारे बहुतेक खेकडे तळ्यात पाळलेले असतात, तरी त्यांच्या शरीराचं घड्याळ तेच आहे. उन्हाळ्यात पकडलेला खेकडा दिसायला कितीही मोठा असला तरी आतून पोकळ निघतो.

तिकडे एक साधा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: नवव्या महिन्यात मादी, दहाव्यात नर. हे महिने चिनी चांद्र पंचांगाचे, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. मादी आधी भरते, नर महिनाभर उशिरा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नर घेतलात तर मांस मिळेल, पण तो जिभेला चिकटणारा गर पुरता तयार नसेल.

नर-मादी ओळखायला खेकडा उलटा करा. पोटावरची झडप गोल आणि रुंद असेल तर मादी, अरुंद आणि टोकदार असेल तर नर. पहिल्यांदाच खाणार असाल तर दोन्ही एकेक घ्या. मादीची लाख घट्ट, किंचित रवाळ, अंड्याच्या बलकाच्या जवळ जाणारी. नराचा गर ओठांना चिकटतो, इतका दाट असतो. मला स्वतःला नर जास्त आवडतो, पण या बाबतीत माणसांचे दोन तट आहेत आणि ते कधी एक होतील असं वाटत नाही.

खेकडा पारखताना

पहिली आणि न मोडायची अट: खेकडा जिवंत हवा. मेलेल्या खेकड्यात जिवाणू फार झपाट्याने वाढतात आणि मांसातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन हे विषबाधा करणारं द्रव्य तयार होतं. हे हिस्टामिन उकळून किंवा वाफवून जात नाही. मेलेला खेकडा स्वस्त मिळाला, नुकताच मेला असं कोणी सांगितलं, तरी घेऊ नका. थंडीने गारठलेला खेकडा मात्र मेल्यासारखा निपचित पडतो. त्याच्या डोळ्यांना काडीने हलकेच शिवा. डोळे आत ओढले गेले तर तो जिवंत आहे.

आता भरलेपण. हातात घेतल्यावर खेकडा आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. मागच्या पायाचा जाड भाग दोन बोटांत धरून दाबा. कडक लागला, जराही दबला नाही, तर आत मांस ठासून आहे. पोचट लागला तर त्याने नुकतीच कात टाकली असणार, आत पाणीच निघेल. मग मागच्या बाजूने बघा, जिथे पाठीचं कवच आणि पोटावरची झडप एकमेकांना मिळतात. तिथली फट फुगलेली असेल, आतून पिवळसर झाक दिसत असेल, तर लाख भरली आहे. अनुभवी विक्रेते खेकडा उजेडाकडे धरून हीच जागा दाखवतात. तुम्हीही दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला?

वजनाचं म्हणाल तर १५० ग्रॅमच्या आसपासची मादी आणि २०० ग्रॅमच्या आसपासचा नर उत्तम. त्याहून मोठे मिळतात, पण मोठा म्हणजे चवदार असं काही गणित नाही.

नावाबद्दलही थोडं सांगायला हवं. सगळ्यात मान यांगचेंग तळ्यातल्या खेकड्याला आहे. जियांगसू प्रांतात सुझोऊजवळ पसरलेलं हे तळं साधारण १२० चौरस किलोमीटरचं. हिरवी पाठ, पांढरं पोट, सोनेरी नखं, पिवळे केस ही तिथल्या खेकड्याची ओळख सांगतात. पण या नावाला मागणी एवढी आहे की दुसरीकडे वाढवलेले खेकडे थोडे दिवस त्या तळ्यात सोडून तिथलेच म्हणून विकले जातात. लोकांनी त्यांना ‘आंघोळ केलेले खेकडे’ असं नाव ठेवलं आहे. यावर उपाय म्हणून तिथले व्यावसायिक नांगीला क्रमांक असलेली कडी अडकवतात. कड्यांचीही नक्कल होते, त्यामुळे त्यांच्यावर विसंबून राहू नका. पाय दाबून बघणं आणि मागची फट बघणं, या दोन खुणा तळ्याच्या नावापेक्षा जास्त खऱ्या बोलतात. ताइहू, होंगझे अशा इतर तळ्यांतले चांगले भरलेले खेकडेही सुरेख लागतात.

आणखी एक. हा खेकडा जिवंत स्थितीत एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याच्या फंदात पडू नका. जर्मनीत तो १९१२ मध्ये सापडला, थेम्स नदीत १९३५ मध्ये, आणि १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात. नदीकाठच्या मातीत बिळं करून तो काठ ढासळवतो, तिथल्या मूळ जीवांचं अन्न खाऊन टाकतो. अमेरिकेने १९८९ मध्येच त्याच्या जिवंत आयातीवर बंदी घातली आणि युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्याला उपद्रवी परकीय जातींच्या यादीत टाकलं. एक निसटलेली मादी लाखो अंडी घालते, म्हणून हे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत.

घरी आणल्यावर

बाजारातून खेकडा बहुधा दोरीने किंवा गवताच्या पातीने करकचून बांधलेला मिळतो. ती दोरी शिजेपर्यंत सोडू नका. मोकळा खेकडा वाफ लागताच धडपडतो, पाय गळून पडतात आणि त्या जागांतून आतला रस वाहून जातो.

त्याच दिवशी शिजवणं सर्वात चांगलं. जमणारच नसेल तर बांधलेले खेकडे ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. पाण्यात बुडवून ठेवू नका, साचलेल्या पाण्यात ते गुदमरतात. दोन दिवसांपलीकडे ताणू नका आणि शिजवण्याआधी प्रत्येकाचे डोळे पुन्हा तपासा.

धुताना वाहत्या पाण्याखाली जुना टूथब्रश घेऊन घासा. नांग्यांवरच्या केसांत तळ्याचा गाळ अडकलेला असतो, तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पोटावरची झडप किंचित उचलून तिच्या खालचा भागही घासा. खेकडा बांधलेला नसेल तर जाड रबरी हातमोजे घाला आणि त्याला मागून, कवचाच्या दोन्ही कडांवर धरा, म्हणजे नांगी बोटापर्यंत पोचत नाही. पातळ प्लास्टिकचे हातमोजे इथे निरुपयोगी आहेत. धुण्याआधी १५-२० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला तर तो सुन्न होतो. तुमचंही काम सोपं होतं, त्याचेही हाल कमी होतात.

वाफवणं

बांबूची टोपली, स्टीलचं मोदकपात्र, काहीही चालेल. झाकण मात्र घट्ट बसायला हवं. पाण्यात आल्याच्या चार-पाच चकत्या टाका. पेरिलाची जांभळी, सुवासिक पानं मिळाली तर जाळीवर पसरा, नाही मिळाली तर नुसतं आलं पुरे.

खेकडा जाळीवर पोट वर करून ठेवा. असं ठेवलं की पाठीचं कवच वाटीचं काम करतं, वितळलेली लाख आणि रस त्यात साठून राहतो. पालथा ठेवलात तर तोच रस थेंब थेंब खालच्या पाण्यात जाईल. खेकडे एकमेकांवर रचू नका.

पाणी खळखळून वाफ धरली की वेळ मोजायला घ्या. १५० ग्रॅमच्या खेकड्याला १५ मिनिटं, २०० ग्रॅमच्या खेकड्याला १८ ते २०. कवच सगळीकडे सारखं केशरी-लाल दिसलं पाहिजे. वेळ कमी करण्याचा मोह आवरा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुप्फुसात घर करणाऱ्या पर्णकृमीची पिल्लं असू शकतात आणि ती नीट शिजवल्यानेच मरतात. दारूत मुरवलेला कच्चा खेकडा तिकडे आवडीने खाल्ला जातो, पण दारूने हा कृमी खात्रीने मरत नाही. मी तो खायला कोणालाही सुचवणार नाही.

खेकडे वाफेवर असतानाच बुडवून खायचा सॉस करून घ्या. झेनजियांगचं काळं, तांदळाचं व्हिनेगर तीन मोठे चमचे, अगदी बारीक चिरलेलं आलं एक मोठा चमचा, साखर दीड लहान चमचा. साखर विरघळेपर्यंत मंद आचेवर कोमट करा. बरेच जण यात सोया सॉस घालतात. मला ते पटत नाही, त्याचा खारटपणा खेकड्याच्या गोडव्यावर चढतो.

आता खरं काम

गरम असतानाच बसा आणि एका वेळी एकच खेकडा वाफेतून काढा, बाकीचे झाकणाखाली राहू द्या. दोरी कापा. कात्रीने आठही पाय आणि दोन्ही नांग्या मुळाशी कापून बाजूला ठेवा. त्यांची घाई नाही. थंड होताना पायांतलं मांस आकसतं आणि कवचापासून सुटतं, म्हणून ते शेवटी खायचे.

पोटावरची झडप ओढून काढा. मग दोन्ही अंगठे मागच्या फटीत घालून पाठीचं कवच सावकाश वर उचला. वाफेचा एक भपकारा येतो, केशरी तेल बोटांवरून मनगटाकडे ओघळतं. पुसू नका.

खायचं नाही ते आधी काढून टाका. अंगाच्या दोन्ही बाजूंना राखाडी, पिसांसारखे दिसणारे कल्ले. कवचाच्या पुढच्या टोकाला, तोंडाच्या मागे असलेली जठराची छोटी तिकोनी पिशवी, हिच्यात गाळ असतो. ती चमच्याने अलगद उचला, फुटली तर लाख कडवट होते. झडपेच्या मधोमध जाणारी काळी रेघ म्हणजे आतडं. आणि अंगाच्या मध्यावर लाखेत दडलेली षट्कोनी पांढरी चकती, म्हणजे हृदय. चिनी समजुतीप्रमाणे खेकडा प्रकृतीने थंड आणि हृदय त्यातलं सर्वात थंड, म्हणून तेही टाकतात. जठराची ती पिशवी उलटून नीट पाहिली तर आत मांडी घालून बसलेली आकृती दिसते. श्वेत नागिणीच्या लोककथेतला फाहाइ नावाचा भिक्षू शेवटी पळून खेकड्याच्या पोटात लपला, तोच हा, असं तिकडे मुलांना दाखवतात.

पहिला घास कवचातल्या लाखेचा, आणि तो सॉसशिवाय. दुसऱ्या घासापासून चमचाभर सॉस कवचातच ओता आणि सगळं खरवडून खा. मग उरलेलं अंग मधोमध मोडा. प्रत्येक अर्ध्यात पातळ पडद्यांचे कप्पे असतात, पायाच्या प्रत्येक भोकामागे एक. पडद्यांना समांतर कापलंत तर पांढऱ्या मांसाच्या पाकळ्या अखंड निघतात. आडवं कापलंत तर मांस आणि कवचाच्या किरचा एक होतात, मग चघळून थुंकत बसावं लागतं.

पायांसाठी हत्यार खेकड्याजवळच आहे. पायाचा जाड भाग दोन्हीकडच्या सांध्यांच्या थोडं आतून कापा, म्हणजे दोन्हीकडे उघडी नळी मिळते. आता त्याच पायाचं निमुळतं टोक एका बाजूने आत सारा. मांसाची सळई दुसऱ्या बाजूने सबंध बाहेर येते. हे एकदा साधलं की पुढचे सात पाय कसे संपतात ते कळत नाही. नांग्यांना मात्र अडकित्त्यासारखं काहीतरी किंवा छोटी हातोडी हवी. दातांनी फोडू नका. सुझोऊमध्ये यासाठी हातोडी, कात्री, टोच्या, चमचा असा आठ हत्यारांचा सुबक संच मिळतो आणि निवांत खाणारे एका खेकड्याला सहज अर्धा तास देतात.

सोबत कोमट केलेली शाओशिंगची तांदळाची दारू पिण्याची रीत आहे. ती घेत नसाल तर गुळासारखी काळसर साखर घातलेला आल्याचा गरम चहा घ्या, तोही जेवणाच्या शेवटी दिलाच जातो. हातांचा वास साबणाने लगेच जात नाही. कोमट चहात किंवा शेवंतीच्या पाकळ्या घातलेल्या पाण्यात बोटं चोळून धुवा. कोळंबी, शेवंड किंवा इतर खेकड्यांची ॲलर्जी असलेल्यांनी हा खेकडा चाखूनही बघू नये.

शिजवलेले खेकडे उरले तर सबंध ठेवू नका. त्याच दिवशी सगळं मांस आणि लाख सोडवून घ्या. कढईत डुकराची चरबी किंवा साधं तेल तापवून आलं परता, मग मांस-लाख, चमचाभर शाओशिंग आणि पांढरी मिरी घाला. तेल केशरी झालं की उतरवा. काचेच्या बरणीत हे मिश्रण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. मऊ टोफू याच मिश्रणात पाच मिनिटं शिजवून भाताबरोबर घ्या, किंवा उकडलेल्या नूडल्सवर दोन चमचे घालून कालवा.