सायकलवर जीपीएस कॉम्प्युटर लावलाय, पण नजर रस्त्यावरच कशी ठेवायची

जीपीएस कॉम्प्युटर नवीन घेतला की सुरुवातीला सगळे स्पीड, ॲव्हरेज आणि कॅडन्सच (मिनिटाला पेडलचे किती फेरे) बघत बसतात आणि ते साहजिक आहे. पण हे यंत्र खरं मोलाचं ठरतं ते दोन कामांसाठी, एक म्हणजे अनोळखी रस्त्यावर फोन खिशातून न काढता वाट सापडते आणि दुसरं म्हणजे मागून काय येतंय, पुढे चढ किती उरलाय हे आपल्याला आणि आपण कुठे आहोत हे घरच्यांना कळतं. यातली जवळजवळ सगळी मेहनत आदल्या रात्री घरी बसून करायची असते. राईडमध्ये स्क्रीनकडे जितकं कमी बघावं लागेल तितकं तुमचं सेटिंग चांगलं, एवढा एकच नियम धरून पुढचं सगळं लिहितोय. गार्मिन, वाहू, ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट, काहीही असू दे, मेनूची नावं थोडी वेगळी असतात, बाकी कामाची पद्धत सारखीच.

आधी माऊंट. हँडलबारच्या पुढे येणारा आऊट-फ्रंट माऊंट घ्या, स्टेमवर, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या भागावर, रबरबँडने बसणारा नको, कारण स्टेमवरचा स्क्रीन वाचायला मान खाली घालावी लागते आणि तेवढ्यात समोरचा खड्डा निघून जातो, किंवा निघून जात नाही. माऊंटचे स्क्रू घट्ट आहेत का ते दर काही दिवसांनी बघत जा. सोबत जी बारीक दोरी येते ना, लॅनयार्ड, ती बरेच जण डब्यातच ठेवतात. तसं करू नका, ती हँडलला अडकवा. आपल्याकडचे रंग न मारलेले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यानंतरचे रस्ते बघता एका दणक्यात यंत्र उडून मागच्या गाडीखाली जाऊ शकतं.

स्क्रीनवर डेटा कमी ठेवा. कंपनीकडून येतानाच एका पानावर आठ-दहा आकडे असतात, सायकल हलत असताना त्यातला एकही धड वाचता येत नाही. माझ्या मते पहिल्या पानावर चार पुरेत: स्पीड, झालेलं अंतर, वेळ आणि हार्ट रेट, म्हणजे पट्टा लावत असाल तर. दुसऱ्या पानावर फक्त नकाशा, तिसऱ्यावर चढ. ऑटो-लॅप, म्हणजे ठरावीक अंतराचा टप्पा झाला की आपोआप तो दाखवणं, बंद करा, दर काही किलोमीटरला ते मधेच स्क्रीन झाकतं. फोनचे व्हॉट्सॲप आणि ईमेलचे नोटिफिकेशन तर नक्की बंद करा, कॉलचं वाटलं तर चालू ठेवा. पाणी पिण्याचा आणि खाण्याचा अलर्ट मात्र लावा, पाण्याचा १५-२० मिनिटांनी आणि खाण्याचा ४०-४५ मिनिटांनी. एप्रिल-मे मध्ये विदर्भात किंवा सोलापूरकडे चालवणाऱ्यांना तर हा अलर्ट नकाशाइतकाच गरजेचा आहे, तहान लागेपर्यंत थांबलात की उशीर झालेला असतो.

आता मुख्य गोष्ट, रूट. फोनवर मोटारीचा रूट बघून निघणं वेगळं आणि सायकलसाठी रूट आखून यंत्रात भरणं वेगळं. कोमूट, राइड विथ जीपीएस किंवा स्ट्राव्हा, यातल्या कशातही रूट बनवा, पण बनवल्यावर पूर्ण रेषा झूम करून एकदा स्वतः बघा, यात आळस करू नका. या ॲपमागे बहुतेक वेळा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा असतो आणि तो लोकांनी भरलेला असतो, त्यामुळे गावाकडची पाणंद त्यात पक्का रस्ता म्हणून दिसू शकते, आणि तुम्ही पातळ टायरची रोड बाइक घेऊन उसाच्या फडामधल्या चिखलात पोचता. शंका आली तर सॅटेलाइट फोटो बघा आणि स्ट्राव्हाचा हीटमॅप बघा, जिथून सायकलवाले खरंच जातात तिथे रेघ ठळक दिसते. हीटमॅपवर अजिबात रेघ नसलेला शॉर्टकट मी रूटमध्ये ठेवत नाही.

काही रस्त्यांवर सायकलला परवानगीच नाही हे पण बघायचं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, वांद्रे-वरळी सी लिंक, अटल सेतू, इथे आपण जायचंच नाही. खंडाळ्याच्या घाटात जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, रूटची रेषा चुकून भलत्या रस्त्यावर गेलीय का ते तिथे नीट तपासा. कात्रजला पण तसंच, हायवेचा नवा बोगदा आणि जुन्या घाटातला बोगदा हे दोन वेगळे रस्ते आहेत, ट्रकच्या गर्दीत नव्या बोगद्यातून जाण्यापेक्षा जुना घाट कधीही बरा, पण नवीन रस्ता सरळ आहे म्हणून ॲप तोच सुचवू शकतं. अशा वेळी जुन्या रस्त्यावर एक पॉइंट टाकून रेषा तिकडे ओढून घ्या.

आणि कोकणात जाणार असाल तर सेटिंगमधलं 'फेरी टाळा' बघा. दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, या जेट्ट्यांवर सायकल बोटीत चढवून पलीकडे जाता येतं, पण फेरी टाळायचं सेटिंग चालू राहिलं तर यंत्र तुम्हाला खाडीला वळसा घालून किती तरी किलोमीटर फिरवतं, ते पण चढ-उताराच्या रस्त्यावर. शेवटची बोट किती वाजता ते स्थानिकांना फोन करून विचारा, नकाशावरच्या वेळेवर विसंबू नका. बोटीत बसलात की रेकॉर्डिंग हाताने पॉझ करा, बोट हलते म्हणजे यंत्राला तुम्ही चालवताय असंच वाटतं, सायकल थांबली की रेकॉर्डिंग आपोआप थांबवणारा ऑटो-पॉझ तिथे उपयोगी पडत नाही.

फाइल कुठली घ्यायची यावरून खूप गोंधळ होतो. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली जीपीएक्स फाइल बऱ्याचदा नुसती ठिपक्यांची रेषा असते, त्यात 'इथे डावीकडे वळा' असं काही नसतंच. काही यंत्रं स्वतःच्या नकाशावरून वळणं शोधून काढतात, पण ज्या स्वस्त यंत्रांत नकाशाच नसतो ती फक्त रेषा दाखवतात. वळणाच्या सूचना हव्या असतील तर टीसीएक्स किंवा फिट (FIT) प्रकारची फाइल घ्या, किंवा रूट ॲपमधून थेट यंत्राला सिंक करा. राइड विथ जीपीएसमध्ये स्वतःच्या सूचना पण टाकता येतात आणि माझ्या मते हे फीचर सगळ्यात कमी वापरलं जातं: रेल्वे फाटक, उतारावरचा मोठा स्पीडब्रेकर, पाणी भरायचं हॉटेल, शेवटचं पंक्चरचं दुकान, मोबाइलला रेंज मिळायची शेवटची जागा, हे सगळं आधी टाकून ठेवलं की स्क्रीनवर थोडं आधीच दिसतं. ताम्हिणीतून कोकणात उतरायचं असेल तर मुळशीच्या पुढे रेंज लागेल याची खात्री नसते, तिथे ही शेवटची जागा माहिती असणं फार उपयोगाचं आहे.

नकाशाला एक गोष्ट कधीच कळत नाही, आज रस्ता चालू आहे का. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद असतो, असं कितीतरी घाटांचं होतं. पावसाळ्यात निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा आणि त्या भागातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर विचारा.

निघताना गडबड करू नका. पार्किंगच्या छताखाली स्टार्ट दाबून निघालात तर सुरुवातीचे काही मिनिटं रेषा बिल्डिंगवरून उड्या मारते. यंत्राला जागा पक्की करायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात, म्हणून मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर उभे राहा. आदल्या रात्री फोनला सिंक केलेलं असेल तर उपग्रहांची ताजी माहिती आत आलेली असते आणि सिग्नल पटकन मिळतो. जीपीएससोबत ग्लोनास आणि गॅलिलिओ या दुसऱ्या उपग्रह यंत्रणा चालू ठेवल्या तर उंच बिल्डिंगमध्ये आणि घाटात, दाट झाडीत फरक पडतो, बॅटरी मात्र थोडी जास्त जाते. बोगद्यात सिग्नल जाणारच, तिथे चाकाच्या हबला लावायचा स्पीड सेन्सर असेल तर अंतर आणि वेग चालू राहतो.

रूट चालू असताना वळण यायच्या आधी बीप येतो, तो आला की एकदा नजर टाका आणि परत समोर बघा. नकाशाचं पान सतत उघडं ठेवायची गरज नाही, बहुतेक यंत्रं वळण जवळ आलं की आपोआप ते पान पुढे आणतात. ऑटो री-रूट बंद ठेवा हे माझं ठाम मत आहे. रस्ता चुकलात की यंत्र नवीन रस्ता शोधायला लागतं आणि भलत्याच गल्लीतून यू-टर्न घ्यायला लावतं. त्यापेक्षा 'ऑफ कोर्स' एवढंच सांगू दे, मग कडेला, रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबून, नकाशा लहान करून बघा तुमची रेषा कुठे राहिली आणि मागे फिरा. चालत्या सायकलवर झूम करणं, बोटाने नकाशा सरकवणं, हे करायचं नाही, ग्रुपमध्ये चालवताना तर अजिबातच नाही, तुमच्या मागच्याला तुमचं चाक दिसत असतं, तुमचं बोट नाही.

घाटासाठी चढाचं पान खूप कामाचं आहे, गार्मिनमध्ये त्याला क्लाइंबप्रो म्हणतात. सिंहगडाचा पायथ्यापासून आठ-नऊ किलोमीटरचा चढ घ्या, नवीन माणूस पहिल्याच वळणांवर जोर लावून संपतो. पुढच्या किलोमीटरला चढ किती टक्के आहे ते समोर दिसत असलं की गिअर आधीच हलका करता येतो आणि दम राखता येतो. यातली उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते, त्यामुळे हवामान बदललं की आकडा सरकतो. सुरुवातीच्या जागेची उंची माहीत असेल तर ती टाका, पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. आणि पावसात त्या सेन्सरच्या बारीक भोकात पाणी अडकलं की सपाट रस्त्यावर पण चढ दिसायला लागतो, घाबरू नका, घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवून वाळू द्या. भोकात पिन घालू नका.

आता सेफ्टी. तुमचं बजेट असेल तर सीटखाली लागणारा रडार घ्या, मी पॉवर मीटरच्या (पेडलवरचा जोर मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधी तो घ्या असं सांगेन. गार्मिनचा व्हॅरिया साधारण १४० मीटर मागून येणारी गाडी पकडतो आणि ती स्क्रीनच्या कडेला ठिपका होऊन वर सरकताना दिसते. मोकळ्या स्टेट हायवेवर, विशेषतः उलटा वारा असताना गाडीचा आवाज येत नाही तेव्हा, याचा फार आधार वाटतो. पण त्याच्या मर्यादा नीट समजून घ्या. तो गाडी ओळखतो ती तुमच्यापेक्षा जास्त वेगाने जवळ येते म्हणून, तुमच्याच वेगाने मागे चिकटून चालणारा टेम्पो स्क्रीनवरून गायब होऊ शकतो. घाटात वळणापलीकडचं त्याला दिसत नाही. समोरून राँग साइडने येणारी बाइक, अचानक आडवं येणारं कुत्रं, यातलं काहीच तो सांगत नाही. शहरात तर तो सतत वाजतच राहतो, तिथे आवाज बंद करा. म्हणून लेन बदलायच्या आधी मान वळवून मागे बघायचंच, स्क्रीन हिरवा असला तरी बघायचं. रेनकोट किंवा लोंबणारी बॅग त्याच्यासमोर येत नाही ना तेही बघा.

इन्सिडेंट डिटेक्शन चालू करा, पण ते कसं चालतं ते घरच्यांना समजावून सांगा. जोरात आपटल्यावर यंत्र थोडा वेळ काउंटडाऊन देतं, तुम्ही ते रद्द केलं नाही तर फोनमार्फत तुम्ही दिलेल्या नंबरांवर मेसेज आणि लोकेशन जातं. फोनला रेंज नसेल तर काहीच जात नाही, आणि ॲम्ब्युलन्सला ते आपोआप कळवत नाही. जोरात ब्रेक मारला किंवा खड्ड्यात आदळलं तरी कधीकधी ते सुरू होतं, म्हणून रद्द कसं करायचं याची सवय असू द्या. तुम्ही कुठे आहात ते नकाशावर दाखवणारी लाइव्ह ट्रॅकची लिंक घरी पाठवताना हे पण सांगून ठेवा की घाटात टिंब एका जागी थांबलं तर लगेच घाबरायचं नाही, पण अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमक्याला फोन करायचा. ही वेळ आधी ठरलेली असली की आई-बाबा उगीच काळजी करत बसत नाहीत आणि खरंच काही झालं तर उशीरही होत नाही. रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर ११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा, आणि लोकेशन सांगायला यंत्रावरचं अंतर कामाला येतं, 'मुळशी धरणापासून इतक्या किलोमीटरवर' असं सांगितलं की येणाऱ्याला पटकन कळतं. स्वतःचा ब्लड ग्रुप आणि घरचा नंबर एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा, कारण लॉक असलेल्या फोनमधलं सहसा आणि बंद पडलेल्या यंत्रातलं तर कुणालाच वाचता येत नाही.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणाऱ्यांसाठी बॅटरी हा वेगळाच विषय आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास, आणि डब्यावर लिहिलेली बॅटरी नकाशा आणि सेन्सर चालू असताना तेवढी टिकत नाही. बॅकलाइट कमी ठेवा, १५ सेकंदांत विझेल असं करा, रात्री रंग उलटे करून काळा स्क्रीन करा, डोळ्यांनाही बरं पडतं, कारण उजळ स्क्रीन बघून लगेच अंधाऱ्या रस्त्याकडे पाहिलं की क्षणभर काही दिसत नाही. छोटी पॉवर बँक टॉप ट्यूबच्या (सीट आणि हँडलमधल्या वरच्या दांड्याच्या) बॅगेत ठेवा, पण भर पावसात चार्जिंगचं झाकण उघडू नका, ढाब्यावर थांबून आडोशाला चार्ज करा. लांबच्या राईडला रूटचं ठळक कागदी टिपण जवळ ठेवा, गावांची नावं आणि मधली अंतरं एवढंच. यंत्र बंद पडलं तरी 'पाली कुठे, इथून किती' असं चहाच्या टपरीवर विचारत तुम्ही घरी पोचू शकता.

राईड अपलोड करायच्या आधी घराभोवतीचा भाग लपवायचं प्रायव्हसी सेटिंग लावा, सायकल कुठे ठेवली जाते ते सगळ्या जगाला दाखवायची गरज नाही. आणि हे सगळं पहिल्यांदाच सेट करत असाल तर पहिला रूट पाठ असलेल्या रस्त्याचा टाका, पुण्यात असाल तर खडकवासल्यापर्यंतचा पुरे. बीप वळणाच्या किती आधी येतो, ऑफ कोर्स किती मीटरनंतर सांगतो, मुद्दाम एका गल्लीत चुकून काय होतं, हे सगळं तिथे करून बघा.