नदीचं पाणी तपासताय? पावसाळ्यात या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी पुण्यात म्हात्रे पुलाजवळ मुठा नदीचं पाणी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरलं, बाटली स्कूटीच्या डिकीत टाकली, वाटेत मिसळ खाल्ली, भाच्याला क्लासवरून घेतलं आणि दुपारी चारला लॅबमध्ये पोचलो. लॅबवाल्या मॅडमनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, हे आता नदीचं पाणी नाही, तुमच्या डिकीचं आहे. राग आला पण बाई बरोबर होत्या. गरम डिकीत बॅक्टेरिया काही तुमची वाट बघत बसत नाहीत, ऑक्सिजन खाऊन टाकतात.

तर सॅम्पल बर्फात न्यायचं, त्याच दिवशी द्यायचं, आणि एका बाटलीत सगळं भरायचं नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन, त्याची बाटली काठोकाठ भरलेली आणि बर्फात, जड धातूंच्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच २ च्या खाली, कोलीफॉर्मला, म्हणजे मैलापाण्यातल्या बॅक्टेरियांच्या टेस्टला, लॅबनेच दिलेली निर्जंतुक बाटली. अ‍ॅसिडवाल्या बाटलीतून बीओडी काढायला सांगितलात तर उत्तर येईल पण त्याला काही अर्थ नसेल. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मात्र नदीवरच मोजा, आणि बादलीने धबाधबा ओतून नाही, ओतताना हवा मिसळते आणि नदी आहे त्यापेक्षा बरी दिसते. वेळही लिहा, कारण शेवाळ असेल तर दुपारी तीनला डीओ मस्त दिसतो आणि तीच जागा पहाटे गुदमरलेली असते.

आता पावसाचं, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की नदी काळी होते, मासे मरतात, आणि नदी तपासणाऱ्या आमच्या ग्रुपवर लगेच "कंपनीवाल्यांनी सोडलं". कधी सोडलेलं असतंही. पण आठ महिन्यांची रस्त्यावरची धूळ, ऑइल, नाल्यात साठलेला गाळ, तुंबलेली ड्रेनेज, हे सगळं पहिल्या तासाभरात एकदम नदीत उतरतं. आंघोळीच्या पहिल्या तांब्याचं पाणी काळंच जाणार ना. म्हणून पहिल्या पावसाचं एकच सॅम्पल घेऊन कुणावर बोट दाखवू नका, जमलं तर पहिल्या दोन तासांत दर वीस मिनिटांनी घ्या, चढ आणि उतार दोन्ही दिसतात. आणि मे महिन्यातलं कोरडं रिडिंग हातात नसेल तर जूनचं रिडिंग कशाशी ताडून बघणार? आम्ही पहिली दोन वर्षं कशाशीच ताडलं नाही, नुसते आकडे गोळा केले.

दुसरं म्हणजे पाऊस कुठला धरताय. शिवाजीनगरला टिपूस नाही आणि लोणावळ्यात धो धो, हे तर नेहमीचं, आणि पवना इंद्रायणीचं पाणी तिकडून येतं. तेव्हा पाऊस घाटातला बघा, मुठेसाठी खडकवासल्याचा विसर्ग बघा. हवामान खात्याचा २४ तासांचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, रात्री बाराला तारीख बदलत नाही, आमचा अख्खा एक्सेल यात एक दिवसाने सरकला होता.

"पावसाने नदी स्वच्छ झाली" हीपण चूकच. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन. समजा उन्हाळ्यात प्रवाह २०० क्युसेक आणि सीओडी लिटरला १२० मिलिग्रॅम, पावसात प्रवाह २००० आणि सीओडी ४०. आकडा तिपटीने खाली आला म्हणून लोक खूश. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, गुणाकार करा, उन्हाळ्यात सेकंदाला साधारण ६८० ग्रॅम जात होतं आणि पावसात सव्वादोन किलोच्या वर. घाण पातळ झाली, कमी नाही झाली, आणि ती सगळी पुढे भीमेतून उजनीत जाते.

मग कारखान्याचं पाणी ओळखायचं कसं? मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते, क्षार जास्त तर ती जास्त. पाऊस पडताना गढूळपणा वाढतो आणि कंडक्टिव्हिटी उतरते, पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. पहिला लोंढा ओसरल्यावर, चांगला पाऊस चालू असताना ती अचानक वर उडाली, आणि नाल्याच्या वरच्या बाजूला तसं काही नाही, तर मधे कुणीतरी काहीतरी सोडतंय. तेव्हा लगेच बाटली भरायची आणि नाल्याच्या कडेने वर चालत जायचं, प्रत्येक फाट्यावर रिडिंग, जिथे उडी गायब होते त्याच्या खालचाच फाटा. हे आरओवाल्याने फुकट दिलेल्या टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायच्या पेननेपण ढोबळ जमतं, फक्त टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं असं समजू नका, सांडपाण्याच्या नाल्यापेक्षा बोअरचं पाणी जास्त टीडीएस दाखवू शकतं.

बीओडी कमी आला म्हणून सुटकेचा निःश्वास पण नको. घरगुती सांडपाण्यात सीओडी साधारण बीओडीच्या दुप्पट असतो. सीओडी ४०० आणि बीओडी २० आला तर पाणी चांगलं नाही, उलट प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवायच्या) कारखान्यातल्या क्रोमियम निकेलसारखं काहीतरी बॅक्टेरियांनाच मारतंय म्हणून टेस्ट गप्प आहे, अशी शंका घ्या आणि धातूंची टेस्ट करा. आणि नदीच्या पाण्याला बीओडी ३० ची मर्यादा लावू नका, ती प्रक्रिया करून सोडलेल्या सांडपाण्याची. नदीत आंघोळ करायची तर बीओडी ३ च्या आत आणि डीओ ५ च्या वर हवा.

आळंदीला इंद्रायणीवरचा फेस बघून "केमिकल" ठरवणं, तेही थांबवा. बंधाऱ्यावरून पाणी पडलं की साबण डिटर्जंटचाही तसाच फेस होतो, आणि तो तुमच्या माझ्या वॉशिंग मशीनचा पण असतो. तपासल्याशिवाय फोटोवरून कळत नाही.

आणि आपलं सॅम्पल कोर्टात चालत नाही बरं का, १९७४ च्या पाणी कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेलंच चालतं. आपलं काम त्यांना सांगणं, या नाल्यावर, पाऊस असताना, रात्री अकरा ते एक या.

हे सांगायच्या आधी मात्र मीटर तपासा. मागच्या जुलैत भर पावसात छत्रीखाली एका नाल्याचं कंडक्टिव्हिटीचं रिडिंग १४०९ आलं, त्याआधी २९० होतं. ग्रुपवर मेसेज गेला, दोघं जण गाड्या काढून निघाले, एका ओळखीच्या पत्रकाराला फोन झाला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर बरोबर आहे का ते तपासायचं, स्टँडर्ड पाणी १४१३ चं असतं, आणि आमच्याकडे दोन सारखेच पांढरे कप होते. मीटरचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचं टोक, चुकीच्या कपात घातला होता. आता स्टँडर्डच्या कपावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा मोठा ठिपका आहे.