घरी बांधलेल्या विमानाची पुढची काच बदलताना खरा खर्च कुठे होतो

"काचेला किती पडतील?" असं विचारणाऱ्यांना बहुतेक जण नुसती काचेची किंमत सांगून मोकळे होतात. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांत व्हॅन्स कंपनीची आरव्ही सगळीकडे दिसते, म्हणून तिचंच बोलतो. आरव्ही-७ किंवा आरव्ही-९ च्या किटमध्ये (जोडायच्या सुट्या भागांच्या संचात) अ‍ॅक्रिलिकचा अख्खा घुमट येतो. बांधणाऱ्याने तो रोल बारपाशी, म्हणजे डोक्यावरच्या आडव्या कमानीपाशी, कापून पुढची काच आणि मागची कॅनोपी (बसायच्या जागेवरचं पारदर्शक झाकण) वेगळी करायची. त्यामुळे तडा फक्त पुढे गेला तरी बहुधा घुमट पूर्ण घ्यावा लागतो. तो चार आकडी डॉलरांत जातो आणि अवजड खोक्याचं ट्रकभाडं वेगळं.

म्हणून ऑर्डर देण्याआधी ईएएच्या, म्हणजे घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या, जवळच्या चॅप्टरमध्ये चौकशी करा. कॅनोपीचा भाग तडकवून बसलेला कोणीतरी असतो आणि त्याच्याकडे पुढचा भाग धड उरलेला असतो.

मजुरी वाचवता येते. घरी बांधलेलं विमान 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात मोडत असल्यामुळे काम स्वतः करायला परवाना लागत नाही. वार्षिक तपासणीवर सही मात्र ए अँड पी (सांगाडा आणि इंजिनाचा परवानाधारक) मेकॅनिकची किंवा त्या विमानासाठी चालणारं रिपेअरमन सर्टिफिकेट (तपासणीचा परवाना) असलेल्याचीच चालते.

जुनी काच काढणं सोपं आहे: बुडाची फायबरग्लासची पट्टी घासून कापा, रिव्हेट आणि स्क्रू काढा. काढलेली काच फेकू नका. कापाची रेघ मारायला तीच उपयोगी पडते, पण डोळे मिटून गिरवू नका, कारण दोन घुमट तंतोतंत सारखे नसतात.

आता कापणं आणि भोकं पाडणं. सगळ्यांची तंतरते ती इथेच, माझीही तंतरायची. पहिला नियम तापमानाचा. थंड अ‍ॅक्रिलिक ठिसूळ असतं. आमच्या इलिनॉयमध्ये ऑक्टोबरनंतर हे काम काढणं म्हणजे दुसऱ्या घुमटाची आगाऊ ऑर्डर देणं. "गॅरेजमध्ये हीटर लावला की झालं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. हवा आधी तापते, काच तापायला वेळ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये करा, ८० फॅरनहाइटच्या खाली हात लावू नका.

कापायला दातांची करवत नको, घासून कापणारी चकती घ्या. कापलेली कड पॉलिश पेपरने बोट फिरवलं तरी काही लागणार नाही इतकी गुळगुळीत करा.

धातूत भोकं पाडायचं साधं ड्रिलबिट पलीकडे निघताना काचेत रुततं आणि टचकन तडा जातो. प्लेक्सीचं, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचं, खास निमुळतं बिट काही डॉलरांत मिळतं. इथे कंजूषी करणाऱ्याची मला कीव येते. रोल बारच्या मध्यापासून सुरुवात करा, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, प्रत्येक भोकात क्लेको (भाग तात्पुरते धरून ठेवणारी खुंटी) लावत. कुठे फट राहिली तर काच दाबून बसवू नका, कड घासा. दाबून बसवलेली काच आज टिकेल आणि हिवाळ्यात तडकेल.

भोकं मोठी करणं बरेच जण टाळतात. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं. ४० अंश सेल्सिअसच्या फरकाला मीटरभर काच जवळपास ३ मिलिमीटर सरकते, अ‍ॅल्युमिनियम जेमतेम १. म्हणून १/८ इंची रिव्हेटला काचेत ५/३२ इंची भोक हवं. ते पायऱ्यांच्या बिटने, अजिबात जोर न लावता करा. मग टॉर्च धरून प्रत्येक भोकाची कड बघा. नखाएवढीही टवका उडालेली जागा दिसली तर घासून काढा. तडा तिथूनच सुरू होतो. स्क्रू हलकेच टेकवा, आवळू नका.

हल्ली रिव्हेटऐवजी सिकाफ्लेक्स या गोंदाने काच चिकटवणारे वाढले आहेत. भोकांची कटकट जाते हे खरं, पण प्रायमरची एक पायरी चुकवली तर सांधा सुटतो आणि पुढे काच काढायची वेळ आली की मजुरी वाढते.

बुडाची पट्टी इपॉक्सी आणि फायबरग्लासच्या थरांनी परत घाला. पहिल्या थरात काळा रंग मिसळा, म्हणजे आतून बघताना ती बरी दिसते. इपॉक्सी धरावी म्हणून काच खरवडताना चिकटपट्टी लावलेल्या रेघेपलीकडे जाऊ नका.

पुसायला साबण-पाणी आणि मऊ फडकं. अ‍ॅसिटोन, पेट्रोल आणि गाडीच्या काचेचा अमोनियावाला फवारा अ‍ॅक्रिलिकवर बारीक चिरांचं जाळं उठवतात. तो फवारा हँगरमध्ये ठेवूच नका, कोणीतरी मदत म्हणून मारतोच.