होडीला इपॉक्सी लावताय? या चुका टाळा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे डागडुजी नेमकी भर पावसात निघते, आणि मग दरवर्षी फोन सुरू होतात, रेझिन चिकटच राहिलं, आता काय करू.

इपॉक्सी दोन भागांत येतं, रेझिन आणि त्याला कडक करणारा हार्डनर, दोन्ही मिसळूनच लावायचं. म्हणून पहिला प्रश्न मी एकच विचारतो. हार्डनर मोजून घातलात का अंदाजे? अंदाजपंचेवाले नव्वद टक्के पॉलिस्टरवर (फायबरच्या होड्यांचं दुसऱ्या जातीचं रेझिन) हात बसलेले असतात. पॉलिस्टरमध्ये कॅटॅलिस्ट, म्हणजे ते कडक करणारं रसायन, एक-दोन टक्के, थोडं वाढवलं की लवकर कडक होतं. इपॉक्सीत तसं नाही हो, हार्डनर हा मालाचाच भाग आहे, जास्त घातला तर जोडीला रेझिन मिळत नाही आणि तो तसाच मऊ पडून राहतो.

रत्नागिरीकडे एका ओळखीच्या माणसाच्या प्लायवूडच्या होडीवर मिस्त्रीने जुलैत हेच केलं, मालकाला घाई म्हणून हार्डनर दुप्पट. दुसऱ्या दिवशी अंगठा दाबला तर ठसा उमटायचा. मग हॅलोजनचा दिवा लावून शेकलं, वरून अजून एक कोट मारला (हा तर कहरच), काही उपयोग नाही. शेवटी पटाशीने खरवडलं, रेझिनमध्ये बसवलेलं कापड हाताने सोलून निघत होतं, पॉलिशपेपर दोन घाशीत भरून जायचा, थिनरने पुसून लाकूड उघडं करावं लागलं. 1 ऑगस्टला बाकीच्यांच्या होड्या पाण्यात आणि ही शेडमध्ये. लवकर सेट व्हायला हवं तर फास्ट हार्डनर विकत घ्या, प्रमाणाला हात लावू नका.

प्रमाण डब्यावर वाचा, वजनाचं आहे का मापाचं ते बघा. 100 ला 10 वजनाने लिहिलंय आणि तुम्ही चमच्याने मोजलंत तर हार्डनर कमी पडतो, कारण तो रेझिनपेक्षा हलका. मी किचनचा डिजिटल काटा वापरतो, 300 ग्रॅमला 30. पाचशे रुपयाचा काटा परवडत नाही म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं, रेझिन काय भावाने घेता?

ढवळताना कडा आणि तळ खरवडा, मग दुसऱ्या मगात ओतून परत ढवळा. फिलर, म्हणजे घट्ट करायची पूड, त्यानंतर.

मोठा लॉट मगात ठेवून चहाला जाऊ नका, तापून धूर येतो. पसरट ट्रेमध्ये ओता.

दमट हवेत सकाळी वर मेणचट थर दिसला तर आधी पाणी आणि स्क्रबरने धुवा, मगच घासा. थिनर तो थर नुसता पसरवतो.

इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट (पॉलिस्टरचाच वरचा चकचकीत थर) नको, नीट धरत नाही. उलटं, म्हणजे पॉलिस्टरवर इपॉक्सी, चालतं, घासून घेतलंत तर.

आणि ते टेबलांच्या व्हिडिओतलं क्लिअर कास्टिंग रेझिन, ते जाड ओतायला बनवलेलं असतं, सावकाश सेट होतं, होडीच्या उभ्या बाजूला लावलंत तर रात्रभर खाली ओघळत राहील.