मावा दिसला? फवारणीआधी पान उलटा

पिकावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला की मी आधी भिंग काढते आणि कोवळ्या शेंड्याखालचं पान उलटते. माव्याच्या गर्दीत एखादा गोल फुगलेला, सोनेरी-तपकिरी, कागदासारखा कोरडा मावा दिसतो का ते बघा. काडीने डिवचलं तरी तो हलत नाही. तीच ममी. आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढतेय. ममी काळी असेल तर ती बहुधा ॲफेलिनस जातीच्या गांधीलमाशीची, तपकिरी असेल तर ॲफिडियस जातीच्या.

गांधीलमाशी म्हटलं की लोक दचकतात. ही जेमतेम 2-3 मिलिमीटरची, माणसाच्या वाटेला जात नाही. मादी मिशांनी मावा चाचपते, पोट पायांमधून पुढे वळवते आणि क्षणात टोचून अंडं आत सोडते. मावा पाय झाडतो, मग पुन्हा रस शोषायला लागतो, जणू काही झालंच नाही! साधारण 20 अंश तापमानात आठवडा-दहा दिवसांत त्याची ममी होते आणि त्यानंतर आणखी काही दिवसांनी नवी माशी गोल भोक पाडून बाहेर पडते. म्हणजे ममी दिसायला लागतात तेव्हा टोचलेले, पण अजून हिरवेच दिसणारे मावे बरेच असतात. घाईने फवारणी करणारे नेमके इथेच फसतात.

भोकाची कडही बघा. स्वच्छ गोल असेल तर आपली माशी बाहेर पडली. वेडीवाकडी, कुरतडल्यासारखी असेल तर आपल्या माशीवरच जगणारी दुसरी माशी आलीय, तेव्हा फार भरवसा ठेवू नका.

चार-पाच झाडांना खूण करा आणि काही दिवसांनी तीच झाडं पुन्हा बघा. ममी वाढतायत आणि मावा पसरत नाही, तर पंप खाली ठेवा. ममी एकही नाही आणि शेंडे आकसतायत, तर मात्र हातावर हात धरून बसू नका. पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा पाडा. तेवढ्याने भागलं नाही तर कीटकनाशक साबणाचं पाणी फक्त त्या शेंड्यांवर मारा, तेही संध्याकाळी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं रासायनिक कीटकनाशक मात्र नकोच. त्याने माशा मरतात आणि मावा दुप्पट जोमाने परततो.

मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा. चिकट गोड स्रावासाठी त्या माव्याची राखण करतात आणि माशीला हुसकावतात. नत्राचा मारा कमी करा, कारण लुसलुशीत पानांवर मावा फोफावतो. बांधावर कोथिंबीर, बडीशेप, शेपू फुलू द्या. माशीला फुलांतला मकरंद लागतो आणि तिची तोंडं आखूड, म्हणून अशी उघडी, बारीक फुलंच कामाची.

पॉलिहाऊसमध्ये माशा विकत आणून सोडायच्या असतील तर आधी मावा ओळखा. कापसावरचा आणि हिरवा पीच मावा असेल तर ॲफिडियस कोलेमानी, बटाट्यावरच्या मोठ्या माव्याला ॲफिडियस एर्वी. मावा तुरळक असतानाच सोडा, पानं चिकट झाल्यावर उशीर झालेला असतो. बाटलीतून ममीच येतात. त्या उन्हात किंवा पाणी पडेल तिथे ठेवू नका, मुंग्यांपासून जपा. पिवळे चिकट सापळे त्या काळात कमी करा, त्यांवर माशाही अडकतात. छाटलेल्या शेंड्यांवर ममी असतील तर ते जाळू नका, पिकातच सावलीला टाकून ठेवा.