खिचडीतली भाजी गावच्याच वावरातून

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर 23 वर्षं काढली, शेवटची 7 मुख्याध्यापिका म्हणून. पोषण आहाराचा तांदूळ वरून येतो, डाळ-तेल-मसालाही पुरवठादार टाकून जातो. भाजी मात्र शाळेनं घ्यायची असते. रासायनिक फवारणी सोडू पाहणाऱ्या शेतकऱ्याला हात द्यायचा, तर तो इथूनच देता येतो.

आधी काटा घेऊन बसा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम. आमच्याकडे लहान 62, मोठी 36. म्हणजे दिवसाला 5 किलो 800 ग्रॅम, आठवड्याला जवळपास 35 किलो. एवढ्यानं कुणाची शेती बदलणार, असं मलाही वाटलं होतं. पण आठवडे बाजारात उरलेली मेथी मातीमोल देऊन घरी येणाऱ्याला ‘35 किलो नक्की खपणार’ हा आकडा फार मोठा असतो. त्या हिशेबानं तो वाफे पाडतो.

मग शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा. समितीत 75 टक्के पालक असतात, निम्म्या बायका. त्यातल्या दोघी-तिघींच्या बांधावर शेवगा असतोच. ठरावात कोणत्या महिन्यात काय घेणार ते लिहा. पावसाळ्यात गिलकी (घोसाळी), चवळीच्या शेंगा, थंडीत पालक, मेथी, मुळा, उन्हाळ्यात डांगर (लाल भोपळा). नुसतं ‘स्थानिक भाजी घ्यावी’ लिहिलंत तर शेवटी बटाटाच शिजतो. चवळी मी मुद्दाम घालायला लावली: तिच्या मुळावरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, कपाशीत आंतरपीक म्हणून ती चालते आणि पोरं आवडीनं खातात.

दर आठवडे बाजाराचाच ठेवा. जास्त दर लावलात की तपासणीत अडकाल. शेतकऱ्याचं भाडं आणि मोडलेला दिवस वाचतो, त्याचा फायदा तेवढ्यात आहे. (ब्राझीलनं 2009 साली कायदाच केला: शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशातले किमान 30 टक्के कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करायचे. 2026 पासून ते 45 टक्के झाले. सेंद्रिय मालाला जास्त भाव द्यायची मुभाही तिथल्या नियमांत आहे. आपल्याकडे तशी तरतूद झाली तर मी पेढे वाटीन.)

विश्वासाचं काय? ‘बाई, हाई भाजी फवारेल नही शे,’ असं तोंडानं कुणीही म्हणेल. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून पीजीएस पद्धतीनं, म्हणजे सेंद्रिय मालाची हमी शेतकऱ्यांनीच एकमेकांसाठी द्यायची या पद्धतीनं, एकमेकांची वावरं तपासायला लावा. प्रयोगशाळेच्या खर्चात पडू नका. शेजाऱ्याच्या नजरेतून फवारणीचा पंप सुटत नाही. शिवाय दर महिन्याला समितीच्या दोन आयांनी अचानक वावरात जावं.

अळीचा प्रश्न येणारच. एकदा आमच्या स्वयंपाकीणबाईंनी गिलकं उभं चिरून माझ्या टेबलावर ठेवलं. आत पांढरी अळी वळवळत होती. तेव्हापासून नियम केला: किडका भाग काढून वजन धरायचं. शेतकरी 6 किलोच्या जागी साडेसहा आणू लागले, तक्रार मिटली.

खरा घात पैशानं होतो. एका वर्षी अनुदान चार महिने आलं नाही. मी पदरचे थोडे घातले, पण एक शेतकरी थांबू शकला नाही. पुढच्या हंगामात त्यानं सगळी कपाशीच लावली. त्याला दोष देणार नाही मी. म्हणून गावातल्या बचत गटाला आधीच मध्ये घ्या: गटानं दर शनिवारी शेतकऱ्याला रोख द्यावं, अनुदान आलं की शाळेनं गटाचं बिल चुकतं करावं. पावतीवर वजन, दर आणि वावराचा गट नंबर हवाच.

आणि मार्चमध्ये पंचवीस-तीस पक्की डांगरं, देठासकट, कुणाच्या तरी धाब्याखाली (मातीच्या छपराच्या घरात) गवतावर ठेवून द्या. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वावरात हिरवं काहीच नसतं.