माळा कसा आवरावा

पसारा कमी करायचा म्हटलं की बहुतेक घरांत आधी कपाट उघडलं जातं. दोन दिवसांत कपाट मोकळं होतं, कारण त्यातलं नको असलेलं सगळं माळ्यावर चढतं. म्हणून सुरुवात माळ्यापासून करा. तो मोकळा झाला की बाकीच्या घराला जागा मिळते.

दिवाळीच्या आवराआवरीत हे काम काढू नका. फराळ, खरेदी आणि पाहुणे यांच्या मध्ये माळा उघडला की सामान खाली येतं आणि वेळ नाही म्हणून तसंच वर जातं. एप्रिल-मे बरा. गाद्या, रजया, सतरंज्या कडक उन्हात टाकता येतात आणि पावसाळ्याआधी सगळं कोरडं होऊन वर जातं. वरच्या मजल्यावर छताखाली उकाडा फार होतो, त्यामुळे सकाळी आठला सुरू करून अकराला थांबा.

माणसं दोन हवीत: एक वर, एक खाली. स्टुलावर स्टूल ठेवण्यापेक्षा शेजाऱ्यांकडून घडीची शिडी मागून आणा. नाकाला रुमाल किंवा मास्क, हातात जाड मोजे, उजेडाला टॉर्च. खाली जुनी चादर अंथरा. नवे डबे, खोके, पिशव्या आधी आणू नका. काय उरणार हे कळण्यापूर्वी आणलेले डबे हा आणखी एक पसारा होतो.

संपूर्ण माळा एकदम उतरवू नका. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. संध्याकाळपर्यंत बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही, सगळे दमतात आणि सामान न बघताच परत वर ढकललं जातं. साधारण तीन फूट लांबीचा भाग घ्या, तेवढाच उतरवा, त्याचा निकाल लावा, मग पुढचा. आठ-दहा फुटांच्या माळ्याला तीन सकाळी पुरतात.

निकाल लावताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही कोणत्या महिन्यात खाली येते? गणपतीचं मखर भाद्रपदात, आकाशकंदील आणि पणत्या दिवाळीत, स्वेटर-शाली डिसेंबरात, पाहुण्यांच्या गाद्या मेमध्ये. ज्या वस्तूला महिना सांगता येतो, तीच वर जाईल. प्रवासाच्या बॅगांना महिना नसला तरी त्या राहू द्या. एकात एक घालून ठेवा. ‘कधीतरी लागेल’ हे उत्तर आलं की ती वस्तू खालच्या ढिगात.

टीव्ही, मिक्सर, प्रिंटरचे रिकामे खोके पहिल्यांदा काढा. बिल आणि वॉरंटी कार्ड फाइलमध्ये गेलं आणि वस्तू परत करण्याची मुदत संपली की खोक्याचं काम संपतं. खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळं राहतात, आणि पुठ्ठा जोडायच्या खळीवर कसर जगते. माळ्यावर झुरळं का होतात याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. खोके सपाट करून रद्दीवाल्याला द्या.

पितळेचे हंडे, घंगाळं, तपेली यांच्याशी माणसांचा जीव गुंतलेला असतो, म्हणून घाई नको. जे वापरात आणणार असाल ते त्याच आठवड्यात कल्हईला द्या. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ शिजवू नयेत. बाकीच्या भांड्यांबद्दल भावंडांना आधी विचारा. कोणालाच नको असतील तर मोडीत घाला. मोडीचा भाव दोन दुकानांत विचारा आणि घरून वजन करून न्या. आईच्या किंवा आजीच्या वस्तूंचा निकाल त्या घरात असताना, त्यांना विचारूनच लावा. परस्पर गेलेल्या एका हंड्याची आठवण वर्षानुवर्षं निघत राहते.

कपडे: धड असतील तर धुऊन, इस्त्री करून द्या. फाटके किंवा डागाळलेले कपडे संस्थेला देणं म्हणजे आपला कचरा त्यांच्या दारात टाकणं. सुती साड्या मऊ झाल्या असतील तर गोधडीला ठेवा, पण शिवणारी व्यक्ती ठरली असेल तरच. जरीचा शालू माळ्यावर ठेवूच नये. प्लास्टिकमधून काढून सुती कापडात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

कागदांची ट्रंक मात्र इतर सामानासोबत बघू नका. तिच्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. वीजबिलं वर्षभराची पुरतात. प्राप्तिकराची कागदपत्रं सात-आठ वर्षं सांभाळावीत. खरेदीखत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जुने सातबारा, फेरफार हे कधीच टाकायचे नाहीत. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कितीही जीर्ण असला तरी जपा. जात पडताळणीत नातवंडांना तोच उपयोगी पडतो. मोडी लिपीतला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. तो जमिनीचा असू शकतो, जाणकाराकडून वाचून घ्या. जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नका, ते नंतर निघत नाही. साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवा, फोटो काढून ठेवा आणि ट्रंक माळ्यावरून कपाटात आणा. फोटोंचे अल्बमही त्याच सकाळी बघा. ते आधी उघडले तर आवरणं तिथेच थांबतं.

बंद मोबाइल, चार्जर, जुने रेडिओ, सीएफएल दिवे आणि ट्यूब भंगारात मिसळू नका. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो. हे सगळं ई-कचरा संकलनाला द्या. मोबाइलमधलं सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, फोन चालू होत असेल तर आतली माहिती पुसा. फुगलेली बॅटरी किंवा पॉवर बँक दिसली तर दाबू नका, टोचू नका, कागद-कपड्यांपासून लांब ठेवा आणि लगेच देऊन टाका. उरलेला रंग, थिनर आणि रॉकेल माळ्यावर नको.

रिकामा भाग आधी कोरड्या, मग ओल्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून वाळवा. भिंतीवर ओल दिसली किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, म्हणजे वाळवी, तर सामान परत ठेवण्याआधी तेवढं काम करून घ्या. गाद्या दोन दिवस उलटसुलट उन्हात ठेवा आणि थंड झाल्यावरच गुंडाळा. गरम गादी प्लास्टिकमध्ये घातली की आतल्या दमटपणाने वास येतो. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा.

लवकर लागणारं सामान पुढे, उशिरा लागणारं मागे. प्रत्येक डब्यावर जाड अक्षरात महिना लिहा. ‘द्यायचं’ ठरलेल्या पिशव्या दाराशी ठेवा आणि त्या आठवड्याच्या रविवारपर्यंत घराबाहेर काढा. पुढे गेलं की पिशव्या पुन्हा उघडल्या जातात. शेवटी माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा: काय, कुठे, कोणता महिना. गणपतीला मखर उतरवताना तीच यादी वाचा आणि गेल्या वर्षभरात ज्याला हात लागला नाही, ते मखरासोबत खाली आणा.